एपिडॉरस : नाणं पाडून झाल्यावर काय बघायचं?

गारगोटी

ग्रीसला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, एपिडॉरसच्या प्राचीन थिएटरची एकच गोष्ट ऐकायला मिळते. गाइड मधोमध उभा राहून नाणं टाकतो नाहीतर काडी ओढतो, वरच्या पायरीवरची मंडळी "आलं, आलं ऐकू!" म्हणून हात हलवतात. टाळ्या, फोटो, बस सुटते. त्या नाण्याचा विषय खाली प्रतिसादांत निघणारच आहे. पण त्याच्या नादात बाकीचं सगळं राहून जातं, म्हणून हा धागा.

आधी जागा. पेलोपोनीज या ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाच्या ईशान्येला अर्गोलिस नावाचा भाग आहे. समुद्रकाठचं एपिडॉरस गाव वेगळं. थिएटर आहे ते तिथून काही किलोमीटर आत, लिगुरिओ गावाजवळ, किनोर्तिओन डोंगराच्या उतारावर. आणि ते एकटं नाही. खाली सपाटीवर अस्क्लेपिओस या आरोग्यदेवतेचं मोठं क्षेत्र पसरलेलं आहे. मंदिर, तोलोस नावाची गोल वास्तू, धावण्याची स्पर्धा व्हायची ते स्टेडियम, यात्रेकरूंची धर्मशाळा. रोगी यायचे, स्नान-नैवेद्य उरकून एका लांब ओसरीत रात्री झोपायचे, आणि देव स्वप्नात येऊन उपचार करायचा. बरे झालेल्यांच्या हकिगती दगडी पाट्यांवर कोरलेल्या सापडल्या आहेत. त्यातली पहिलीच अशी : क्लेओ नावाची बाई पाच वर्षं गरोदर होती. इथे झोपून बाहेर पडली आणि बाळंत झाली. मुलगा जन्मल्या जन्मल्या स्वतःच झऱ्यावर जाऊन आंघोळ करून आईबरोबर चालायला लागला! देवस्थानाची जाहिरात करण्यात तेव्हाचे पुजारी कमी नव्हते.

ही जाहिरात फळलीही. इ.स.पू. ४थ्या शतकात इथे पैशाचा ओघ लागला आणि बांधकामांचा धडाका सुरू झाला. मंदिराच्या खर्चाचा हिशेब शिलालेखात शाबूत आहे. काम पावणेपाच वर्षांच्या आत संपलं आणि थिओडोटोस नावाच्या वास्तुविशारदाला दिवसाला साधारण एक द्राख्मा मिळत होता. देवाच्या उत्सवात, दर चार वर्षांनी, खेळांबरोबर गाण्याच्या आणि काव्यगायनाच्या स्पर्धा होत. प्लेटोच्या एका संवादाची सुरुवातच अशी आहे की आयॉन नावाचा गायक एपिडॉरसची स्पर्धा जिंकून अथेन्सला आलाय आणि सॉक्रेटिस त्याला गाठतो. म्हणजे थिएटर उभं राहण्याच्या आधीच इथे श्रोते जमत होते. दगडी पायऱ्या नंतर आल्या.

त्या आल्या ४थ्या शतकाच्या उत्तरार्धात. बांधणाऱ्याचं नाव पॉसेनिअस या प्रवाशाने दिलंय : पॉलिक्लिटॉस. पण पॉसेनिअस इ.स. २ऱ्या शतकातला, म्हणजे जवळजवळ पाचशे वर्षांनंतरचा साक्षीदार. आणि त्या नावाचा सर्वांत प्रसिद्ध शिल्पकार शतकभर आधी होऊन गेलेला. म्हणून अभ्यासक 'धाकटा पॉलिक्लिटॉस' म्हणून वेळ मारून नेतात. पॉसेनिअसचं मत मात्र मला फार आवडतं. तो म्हणतो, झगमगाटात रोमन थिएटरं पुढे आहेत, आकारात मेगालोपोलिसचं मोठं आहे, पण सुसंवादात आणि सौंदर्यात पॉलिक्लिटॉसची बरोबरी कोण करणार?

आता मुद्द्याचं. शाळेच्या पुस्तकापासून पोस्टकार्डापर्यंत 'ग्रीक नाट्यगृह' म्हटलं की हेच चित्र येतं आणि आपण मनातल्या मनात तिथे सोफोक्लीज या नाटककाराचा ईडिपस उभा करतो. तो तिथे कधीच उभा नव्हता, निदान त्याच्या कर्त्याच्या हयातीत. एस्किलस गेला इ.स.पू. ४५६ मध्ये, सोफोक्लीज आणि युरिपिडीज दोघेही ४०६ च्या सुमारास. त्यांची नाटकं झाली ती अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, डायोनायसस देवाच्या आवारात, आणि तिथे बसायला होत्या मुख्यतः लाकडी फळ्या. अथेन्सला दगडी थिएटर मिळालं ते इ.स.पू. ३३० च्या आगेमागे, लायकर्गस या अथेन्सच्या मुत्सद्द्याच्या कारभारात. कोरसच्या, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या चमूच्या, नाचाची जागा गोलच असायची हेही खात्रीने सांगता येत नाही. अ‍ॅटिकातल्या थोरिकोसचं जुनं थिएटर पाहिलं तर तिथली जागा चौकोनाकडे झुकणारी, बाकडी जवळपास सरळ. एपिडॉरसचं ते देखणं वर्तुळ हे ट्रॅजेडीचं जन्मघर नव्हे. नाटकं अभिजात ठरल्यावर त्यांच्यासाठी (आणि देवाच्या उत्सवासाठी) बांधलेलं घर आहे.

आणि काय घर आहे! मधली गोल जागा सुमारे २० मीटर व्यासाची. हिला ऑर्केस्ट्रा म्हणतात, कोरस इथे नाचत-गात असे. तळ मातीचा, कडेला दगडी पट्टी, मध्यात एक गोल दगड (वेदीचा पाया असावा). तिच्याभोवती पायऱ्यांच्या ३४ रांगा, मग आडवी रुंद वाट, त्यावर आणखी २१ रांगा. खालचा भाग जिन्यांनी १२ पाचरींत विभागलेला, वरचा २२. एकूण १३-१४ हजार माणसं बसत. वरचा भाग इ.स.पू. २ऱ्या शतकात वाढवला असं सर्वसाधारण मत आहे.

डोंगराचा उतार वापरला म्हणजे 'निसर्गात आयतं मिळालं' असं नाही. उतार पाहिजे तसा कोरावा लागतो, दोन्ही टोकांना भराव घालून तो भक्कम भिंतींनी धरावा लागतो, आणि पावसाचं पाणी! अख्ख्या बशीत पडलेलं पाणी खाली ऑर्केस्ट्रात येणार. म्हणून पायऱ्यांच्या पायथ्याशी, वर्तुळाला धरून, पाणी वाहून नेणारी खोलगट दगडी वाट आहे. कोरडी असताना तीच येण्याजाण्याची वाट.

माझ्या मते खरी करामत पुढची आहे. पायऱ्यांची सगळी वर्तुळं एकाच केंद्रातून काढलेली नाहीत. मधल्या आठ पाचरींचं केंद्र एक, आणि दोन्ही टोकांच्या दोन-दोन पाचरींची केंद्रं सरकवलेली, त्रिज्या थोडी मोठी. त्यामुळे टोकं सुपासारखी किंचित उघडतात. कडेला बसलेल्याला समोरच्या प्रेक्षकांऐवजी नट दिसतात, आणि बाहेर पडणाऱ्या गर्दीला खाली जास्त रुंद वाट मिळते. डोळ्यांना हा फरक कळतही नाही. १९६१ मध्ये फॉन गेर्कान आणि म्युलर-वीनर यांनी मोजमापांसह ग्रंथ काढला, त्यात ही भूमिती नीट मांडली आहे.

आणखी एक बारकावा : प्रत्येक पायरीचा मागचा भाग किंचित खोल कापलाय. तिथे मागच्याचे पाय येतात. म्हणजे पुढच्याच्या कपड्यांना धूळ नाही.

एवढं टिकलं कसं? इ.स.पू. ८७ च्या सुमारास रोमन सेनापती सुल्लाने देवस्थानाचा खजिना लुटला, पण खजिना नेला, पायऱ्या कोण नेणार? नंतरच्या रोमनांनी अथेन्सच्या थिएटरचं वर्तुळ कापून अर्धगोल केलं, तसे मोठे फेरफार इथे झाले नाहीत. पुढे जुने देव बंद पडले, क्षेत्र ओसाड झालं आणि डोंगरावरून आलेल्या मातीने पायऱ्या झाकल्या. १८८१ मध्ये पानागिस काव्वाडियास यांनी अथेन्सच्या पुरातत्त्व सोसायटीतर्फे उत्खनन सुरू केलं तेव्हा ती माती दूर झाली.

भटकभवानी

मस्त धागा! वाचनखूण साठवली. क्लेओच्या बाळाला दंडवत. आम्ही गेलो होतो तेव्हा गाइडने नाणंही टाकलं आणि कागदही फाडला. मी मधल्या वाटेच्या वर होते, नाणं स्पष्ट ऐकू आलं. मग त्यात खोटं काय?

गारगोटी

@भटकभवानी, खोटं नाही, अर्धवट आहे. २०१७ मध्ये आइंडहोवनच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी इथे, अर्गोसला आणि अथेन्सच्या हेरोडीस अ‍ॅटिकस सभागृहात पद्धतशीर मोजणी केली. निष्कर्ष असा, की नाणं पडल्याचा किंवा कागद फाटल्याचा आवाज सगळीकडे जाणवतो, पण तो नाण्याचा की कागदाचा हे साधारण अर्ध्या उंचीपर्यंतच ओळखता येतं. काडीचं त्याहून कमी. कुजबुज फक्त पुढच्या रांगांना कळते. आणि शेवटच्या रांगेला शब्द कळायला हवेत तर नटाने आवाज चढवून बोललं पाहिजे. ग्रीसमध्ये यावर बरीच आदळआपट झाली, काही ग्रीक अभ्यासकांनी जाहीर नापसंती दाखवली.

डेसिबल

ध्वनीच्या धंद्यातला आहे म्हणून थोडं लांबण लावतो.

२००७ मध्ये डेक्लर्क आणि डेकेसर या दोघांचा शोधनिबंध गाजला होता. त्यांचं गणित सांगतं, की एकाआड एक येणाऱ्या पायऱ्यांच्या कडांमुळे सुमारे ५०० हर्ट्झच्या खालचे आवाज दबतात आणि वरचे प्रेक्षकांकडे परततात. वाऱ्याची घूं, गर्दीची गुणगुण हे सगळं खालच्या पट्टीतलं, ते गाळलं जातं. आता तुम्ही म्हणाल की पुरुषाच्या आवाजाचा पायाही १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास, तोही गेला की! गेला, पण त्याच्या वरच्या पटीतले स्वर शिल्लक असतात आणि मेंदू त्यावरून खालचा स्वर स्वतः भरून काढतो. छोट्या फोनच्या स्पीकरवर ढोलक ऐकू येते ती याच कृपेने. खरं तर तो स्पीकर तेवढा खालचा स्वर काढूच शकत नाही.

पण हे गणित म्हणजे संपूर्ण उत्तर नाही. माझा अंदाज साध्या कारणांकडे जास्त झुकतो. चढ इतका की प्रत्येकाला नटाचं तोंड थेट दिसतं, म्हणजे थेट आवाज कुणाच्या डोक्याला न अडता पोचतो. कडक ऑर्केस्ट्रावरून एक परावर्तन लगेच मागोमाग येतं आणि त्याला बळ देतं. छप्पर नाही, त्यामुळे घुमणं जवळपास नाही, शब्द एकमेकांत मिसळत नाहीत. आणि आजूबाजूला रस्ता-कारखाना काही नाही. वरची रांग मध्यापासून साठेक मीटरवर आहे, एवढ्या लांब मोकळ्या मैदानात बोलून बघा.

आणि हो, रिकामं थिएटर आणि भरलेलं थिएटर यात फरक पडतो. माणसं आवाज खातात. नाण्याचे प्रयोग रिकाम्या दगडांवर होतात हे विसरू नये.

खवचट काका

म्हणजे थोडक्यात, शेवटच्या रांगेत स्वस्तात बसलेल्याला नटाने ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. अडीच हजार वर्षांत काय बदललं म्हणता?

सुवर्णमध्य

लेख छान, पण एक मोठी गोष्ट सुटली. ३४ आणि २१, बेरीज ५५. तिन्ही फिबोनाची संख्या (आधीच्या दोन मिळवल्या की पुढची)! ५५ भागिले ३४ = १.६१८, ३४ भागिले २१ = १.६१९. हे सुवर्ण गुणोत्तर आहे. एवढा योगायोग शक्य आहे का?

गारगोटी

ती मुद्दाम सोडली होती, पण आता विचारलंतच म्हणून.

एक, वरच्या २१ रांगा जर खरंच दीडएकशे वर्षांनी जोडल्या असतील तर मूळ रचनाकाराच्या डोक्यात ५५ असण्याचा प्रश्न येत नाही. (काही अभ्यासक दोन्ही भाग एकाच मूळ आराखड्यातले मानतात, तेव्हा हा वाद उघडा आहे.) दोन, ते गुणोत्तर युक्लिडच्या भूमितीत रेषेचे भाग पाडण्यासाठी येतं, पण २१, ३४, ५५ अशी संख्यांची मालिका तिथे नाही. ती मालिका फिबोनाचीच्या आधी आपल्याकडे गुजरातच्या हेमचंद्राच्या मात्रावृत्तांच्या मोजणीत सापडते, पण म्हणून कुणी एपिडॉरसला गुजरातेत नेऊ नये, विनंती! तीन, इथे १२, २२, ८, १३, १४ अशा कितीतरी संख्या आहेत. त्यातल्या सोयीच्या तीन उचलल्या की जादू होते. सरकवलेल्या केंद्रांची भूमिती याहून कितीतरी अवघड आणि खरी आहे, तिचं कौतुक करूया.

सुवर्णमध्य

पटलं नाही, पण केंद्रांचं शोधून वाचतो.

सूत्रधार_

नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय आठवला. भरताने मर्त्यांसाठी सांगितलेला मंडप ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद, आणि पुढे बजावलंय की याहून मोठा बांधू नका, नाट्य अव्यक्त होईल. मोठ्या मंडपात उच्चार विरतात आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, हे त्याचं कारण. वर मंडप पर्वताच्या गुहेसारखा असावा, म्हणजे आवाज गंभीर होतो.

तीस मीटरही न भरणारी एक बंद खोली आणि दुसरीकडे १४ हजारांचा उघडा डोंगर. अभिनयच वेगळा होणार. ग्रीक नट मुखवटा घालायचा. साठ मीटरवरून भुवईची हालचाल दाखवून उपयोग काय? आपल्याकडे डोळे, भुवया, गाल यांच्या अभिनयावर अख्खा अध्याय खर्ची पडलाय. दोन्ही परंपरांनी आपापल्या जागेशी प्रामाणिक राहून नट घडवला असं मला वाटतं.

खवचट काका

चला, 'आपल्याकडे हे आधीच होतं' ऐवजी 'आपल्याकडे हे वेगळं होतं' असं लिहिणारा निदान एक तरी भेटला. सूत्रधार, +१.

नेपथ्य

गारगोटी, रंगमंचाच्या इमारतीवर एक ओळही नाही? निषेध!

पायऱ्यांसमोर दगडी इमारत होती, स्कीनी. तिच्यापुढे आयोनिक अर्धस्तंभांची ओळ असलेला साडेतीन मीटरच्या आसपास उंचीचा पुढावा, आणि दोन्ही बाजूंनी त्याच्या छपरावर जाणारे उतार. आज तिचे फक्त पाये उरलेत. प्रवेशाच्या वाटांवरची दुहेरी दारं मात्र उभारून घेतली आहेत, फोटोत तीच दिसतात.

नट नक्की उभे कुठे राहायचे यावर शंभर वर्षं भांडण आहे. डर्पफेल्ड या जर्मन पुरातत्त्वज्ञाचा आग्रह होता की सगळा खेळ खाली ऑर्केस्ट्रातच, कोरससोबत. हेलेनिस्टिक काळात, म्हणजे अलेक्झांडरनंतर, कोरसचं महत्त्व घटत गेलं आणि नट पुढाव्याच्या छपरावर चढले, असं आता बहुतेक मानतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, आज खाली बसून समोर झाडं-डोंगरांचं जे दृश्य दिसतं आणि ज्याचं वर्णन प्रत्येक प्रवासवर्णनात येतं, ते खालच्या रांगांना तेव्हा दिसतच नव्हतं, समोर भिंत होती. दुसरी गोष्ट @डेसिबल साठी. ती भिंत आवाजही परत फेकत असणार. तेव्हा आजची मोजणी ही अर्ध्या थिएटरची मोजणी आहे.

डेसिबल

बरोबर पकडलंत. संगणकावर स्कीनी उभारून हिशेब करणारे लोक आहेत, पण भिंतीची उंची आणि दारं-खिडक्या गृहीत धराव्या लागतात, तिथे प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

भटकभवानी

तिथे नाटकं अजून होतात ना? प्राचीन दगडांवर हजारो माणसं बसवणं मला बरोबर वाटत नाही. आपल्याकडे लेण्यांत असं केलं तर आपणच बोंब मारू.

गारगोटी

होतात. १९३८ मध्ये दिमित्रिस रोंदिरिस यांनी सोफोक्लीजचं 'इलेक्ट्रा' इथे केलं, इलेक्ट्रा होती कातिना पाक्सिनू. दिवसाउजेडी झालेला प्रयोग. मग युद्ध आलं. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून दर उन्हाळ्यात महोत्सव भरतो. ऑपेरा गायिका मारिया कॅलास इथे १९६० मध्ये 'नॉर्मा' आणि १९६१ मध्ये 'मेडीआ' गायली. 'नॉर्मा'चा पहिला प्रयोग पावसाने धुतला होता!

झिजेचा मुद्दा खरा आहे. पण इथल्या सगळ्याच पायऱ्या जुन्या नाहीत. २०व्या शतकात, विशेषतः १९५० नंतर ऑर्लांडोस यांच्या देखरेखीखाली, टोकांकडच्या ढासळलेल्या पाचरी नव्या-जुन्या दगडांनी परत बांधल्या. आता पूर्वीइतकी गर्दीही बसवत नाहीत, टोकदार टाचांच्या चपलांना मनाई आहे. मी स्वतः प्रयोग चालू ठेवण्याच्या बाजूचा. बंद केलेल्या थिएटरात नाणी पाडण्याखेरीज काही उरत नाही. पण मर्यादा असावी, आणि दणदणीत ध्वनियंत्रणा तर नकोच.

नेपथ्य

ध्वनियंत्रणेबद्दल सहमत, पण हल्लीचे काही दिग्दर्शक छोटे माइक लावतात. तिथे माइक लावणं मला नटाचा पराभव वाटतो. लेण्यांची तुलना मात्र जुळत नाही. लेणी काही हजारो माणसं बसवायला कोरली नव्हती, हे थिएटर त्याचसाठी बांधलंय.

कोकणकडा

उशिरा आलो. जुलैत जाण्याचा बेत आहे, बरोबर आई-बाबा (सत्तरीचे). प्रयोग बघावा का? भाषा कळणार नाही, चढ झेपेल का?

भटकभवानी

प्रयोग शुक्रवार-शनिवारी, रात्री नऊच्या सुमारास, आणि नाटक ग्रीकमध्ये असलं तरी पडद्यावर इंग्रजी उपशीर्षकं असतात. आई-बाबांसाठी खालच्या भागातली तिकिटं काढा, वरचे जिने उभे आहेत आणि धरायला कठडा नाही. उशी न्या, दगड दिवसभर तापलेला असतो आणि मध्यरात्री गार पडतो. मुक्काम जवळच्या नाफ्प्लिओ शहरात, अथेन्सहून दमून थेट प्रयोगाला जाऊ नका.

गारगोटी

आणि सकाळी हाताशी वेळ असेल तर किनाऱ्यावरच्या जुन्या एपिडॉरस गावात जा. तिथे एक छोटं थिएटर आहे, संत्र्यांच्या बागांना लागून, १९७० च्या सुमारास जमिनीखालून वर आलेलं. दोनेक हजार माणसांचं. तिथल्या आसनांवर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत, ती वाचत फिरायला मजा येते. गर्दी नसते, आणि बाबांना तिथला चढ सहज जमेल.

कोकणकडा

धन्यवाद दोघांनाही. खालच्या भागातल्या मधल्या पाचरी की कडेच्या?

नेपथ्य

मधल्या महाग असतात. कडेच्या दोन घेतल्या तरी बिघडत नाही, गारगोटीने सांगितलेली सरकवलेली केंद्रं तुमच्यासाठीच आहेत. फक्त अगदी टोकाची जागा टाळा, तिथून उपशीर्षकांचा पडदा तिरपा दिसतो.